घरून एक गोल वस्तू आणा

नातीच्या शाळेतून काल सुनेच्या मोबाइलवर निरोप आला. उद्या येताना घरून एक गोल वस्तू आणावी. निरोप वाचून सून उठली, डब्याचं एक झाकण धुऊनपुसून तिनं नातीच्या दप्तरात टाकलं आणि तिच्यापुरता विषय संपला. माझा संपला नाही. मी उगाच बाल्कनीत गेले, परत आले, फ्रिज उघडून बंद केला, दप्तरातलं झाकण काढून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. सून म्हणाली, "आई, काय शोधून राहिलात?" मी म्हटलं, "काही नाही." साठी ओलांडलेल्या बाईनं काही नाही म्हटलं की घरातल्यांना तेवढं पुरतं. सगळे आपापल्या कामाला लागले.

खाली रस्त्यावर टँकर उभा होता. गोदावरी इतकी जवळ, पण चैत्र लागला की नांदेडच्या आमच्या कॉलनीत नळ रुसतो आणि फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत निळे ड्रम लागतात. ड्रमांवर पांढऱ्या रंगानं फ्लॅटचे नंबर टाकलेले असतात. कुणी कुणाचा ड्रम हातभर मागं सरकवला की तिसऱ्या मजल्यावर भांडण ऐकू येतं. उन्हाळ्याचं मला काही नाही, तो दरवर्षीचाच पाहुणा. पण पाण्याची ओळ लागलेली असताना कुणी 'गोल' हा शब्द काढला, की माझ्या पायांना थारा राहत नाही. याला आता चाळीस वर्षं होत आली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, भोकरला बसून म्हणायचे, "नवा जिल्हा म्हणजे नव्या जागा. अर्ज टाक." मी टाकला, आणि लागले. निलंगा आणि शिरूर अनंतपाळच्या मधलं एक गाव मिळालं. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझ्याहून वाईट वागलेलं कुणी मला आठवत नाही, मग गावाचं नाव कशाला खराब करायचं? एसटीच्या थांब्यावर गावाची पाटी होती. तिच्यावरचं 'जि. उस्मानाबाद' चुन्यानं पुसून वर 'जि. लातूर' लिहिलं होतं. चुना पातळ असावा, कारण ऊन चढलं की खालची जुनी अक्षरं दिसायची. लोकही तसेच होते. अर्ज लिहिताना लातूर म्हणायचे, बोलताना उस्मानाबादच तोंडात यायचं.

खोली मला बौद्धवाड्यात मिळाली. गावातही एक खोली रिकामी होती, पण मी आडनाव सांगितल्यावर ती रिकामी राहिली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बौद्धवाड्यातली खोली बरी होती, दारात लिंबाचं झाड होतं आणि झाडापलीकडं हापसा. शेजारच्या गयाबाईनं पहिल्याच दिवशी भाजी-भाकर आणून दिली आणि विचारलं, "बाई, एकल्याच राहणार व्हय? भ्या न्हाई वाटत?" भीती वाटत होती. तिच्या आवाजानं ती निम्मी गेली.

पाऊस नसण्याचं ते दुसरं वर्ष. गावातले दोन्ही हापसे कोरडे पडले, आडाच्या तळाशी दगड दिसायला लागले आणि चालू राहिला तो बौद्धवाड्यातला हा एकटा हापसा. तो वस्तीत खोदला तेव्हा गावानं नाक मुरडलं होतं म्हणे. आता सगळं गाव घागरी घेऊन तिथंच यायला लागलं. गावातल्या बाया आधी दांडा राखेनं घासायच्या आणि मग धरायच्या. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला विटाळ नव्हता, दांड्याला मात्र होता. वस्तीतल्या बाया हे बघायच्या आणि आपसात डोळ्यांनी बोलायच्या. तोंडानं कुणी बोलत नव्हतं, कारण तेवढं भांडायलाही घशाला ओल लागते.

हापसा पाच-सहा घागरी द्यायचा आणि हलका पडायचा. मग दांडा नुसता खडखडायचा. तासभर, कधी दोन तास तो दम खायचा, तेव्हा कुठं पुन्हा पाणी चढायचं. त्यामुळं ओळ दिवसभर हलत नसे. घागर ओळीत ठेवावी तर घरी पाणी कशात ठेवायचं? म्हणून बायांनी चुंबळी ठेवायला सुरुवात केली. डोक्यावर घागर घेताना खाली जुन्या लुगड्याच्या चिंधीची वळलेली कडी ठेवतात, ती चुंबळ. प्रत्येक घरची चुंबळ आपापल्या जागी, वर एक दगड. दोन ओळी होत्या, एक गावाची आणि एक वस्तीची. एक घागर या ओळीतली भरायची, एक त्या ओळीतली. कोणती चुंबळ कुणाची हे बाया चिंधीच्या रंगावरून ओळखायच्या. जी बाई हापशावर असेल तिनं पुढची जागा रिकामी झाली की मागच्या सगळ्यांच्या चुंबळी एकेक घर पुढं सरकवायच्या, आपल्याही आणि दुसऱ्यांच्याही. नियम एकच होता. चुंबळ असेल तर नंबर, नसेल तर नाही. त्या गावातला इतका साधा आणि सगळ्यांनी पाळलेला नियम मी दुसरा पाहिला नाही.

मला पहिलीचा वर्ग होता. सकाळची शाळा, सात ते अकरा. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, औसा तालुक्यातले. भला माणूस, पण शिक्क्यामुळं बेजार झालेला. शाळेचा गोल शिक्का जुन्या जिल्ह्याच्या नावाचा, नवा अजून आला नव्हता. जुना मारावा तर कागद परत येतो, न मारावा तरी परत येतो. ते शिक्का हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, "बाई, आपण सध्या कोणत्या जिल्ह्यात आहोत ते मला खात्रीनं सांगता येत नाही."

गोल शिकवणं सोपं असं ज्यांनी तो शिकवला नाही त्यांनाच वाटतं. चौकोनाला कोपरे असतात, लेकराला कोपऱ्यावर थांबून दम घेता येतो. गोलात थांबायला जागा नाही. पहिलीतलं पोर पाटीवर पेन्सिल टेकवतं, वळवत नेतं, अर्ध्यावर त्याचं लक्ष चिमणीकडं जातं आणि परत येईस्तोवर पहिलं टोक आत राहून जातं. वर्गातल्या सगळ्या पाट्यांवर जिलेब्या. मी हात धरून गिरवून घेतलं. मी हात सोडला की पुन्हा जिलेबी. मग म्हटलं, या पोरांना ओळखीचं काही सांगावं. "खळं पाहिलंय ना? मधे तिवडा रोवतात, त्याला बैल बांधतात, ते त्याच्याभोवती फिरतात. बैलाच्या पायानं जमिनीवर काय उमटतं?" कुणीच बोलेना. मग लक्षात आलं, सहा वर्षांची पोरं ही. मागच्या साली खळं झालं नव्हतं आणि या साली तर पेरलेलंच उगवलं नव्हतं. त्याआधीचं त्यांना आठवत नव्हतं. शेतकऱ्यांच्या पोरांना मी फळ्यावर खळ्याचं चित्र काढून दाखवत बसले.

त्या वर्गात कुशावर्ता नावाची मुलगी होती. सगळे कुशी म्हणायचे. केवळाबाईची धाकटी. केवळाबाईचं घर गावात, पाच-सात एकर कोरडवाहू शेती, नवरा त्या उन्हाळ्यात गुरं घेऊन छावणीला गेलेला. कुशीचा गोल पहिल्याच दिवशी आला. तिनं पाटी मांडीवर घेतली आणि पेन्सिल जागेवर धरून खालची पाटीच फिरवली. वर्गात मी एकटीच उभी होते म्हणून ते मलाच दिसलं, आणि मी हसले. अशी युक्ती मला डी.एड.ला कुणी सांगितली नव्हती. तिनंच विचारलं, "बाई, गोल कुटून काढाया लागायचा?" मी म्हटलं, "कुठूनही." तिला ते पटलं नाही. "कुटूनबी कसा? नंबर असतो की."

मला ते फार आवडलं. त्या आठवड्यात अण्णांना पत्र लिहिलं त्यात हे वाक्य घातलं. आपल्या वर्गात एक हुशार पोर आहे याचा नव्या मास्तरणीला होतो तसा गर्व मला झाला होता. आणि त्या गर्वातच मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना सांगितलं, "उद्या येताना प्रत्येकानं घरून एक गोल वस्तू आणायची. विसरायचं नाही. जो विसरेल तो उभा राहील."

दुसऱ्या दिवशी वर्गात जत्रा भरली. बांगड्या आल्या, गाडग्याची झाकणं आली, सदऱ्याचं बटण आलं, सायकलच्या घंटीची वाटी आली. एकानं आई नको म्हणत असताना चानकी, म्हणजे लेकरांसाठी थापलेली छोटी भाकरी, आणली आणि वर्गात बसल्या बसल्या कडेनं खाऊन तिचा गोल लहान करत गेला. दोघांनी मिळून आडावरचं लोखंडी चाक आणलं, दोर घालतात ते. आड आटला होता, चाकाला काम नव्हतं. मोठ्या गुरुजींनी दारातून डोकावून हे सगळं पाहिलं, परत गेले आणि जुना शिक्का घेऊन आले. "घ्या. आता याचा एवढाच उपयोग." पोरांनी शाई लावून रद्दी कागदावर शिक्के मारले. सगळ्यांच्या तळहातांवर निळे गोल आणि गोलात जुना जिल्हा.

कुशी शेवटी आली. तिनं फ्रॉकच्या पुढच्या ओच्यातून एक चुंबळ काढली. हिरव्या लुगड्याची, चापून वळलेली, कडेला पिवळा काठ दिसणारी. मी ती हातात घेतली. म्हटलं, "वा! हा सगळ्यात चांगला गोल. कुठून आणलीस?" ती म्हणाली, "वळीतून."

ओळीतून. मी हे ऐकलं. ज्या ओळी माझ्या दारासमोर होत्या, ज्यात माझीही चुंबळ होती, ज्यांच्या दगडांना ठेचकाळत मी रोज शाळेत यायचे, त्या ओळीतून. ऐकलं आणि पुढं शिकवत राहिले. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मी ती चुंबळ वर्गात सगळ्यांच्या हातांत फिरवली. डोक्यावर ठेवून दाखवली. आत बोट फिरवून सांगितलं, बघा, कुठं कोपरा लागतो का. पोरं खूष होती, कुशी सगळ्यांत जास्त. तिच्या घरात त्या आठवड्यात हाताला लागेल अशी दुसरी गोल वस्तू नव्हती, थोरली बहीण बाळंतीण, भांडीकुंडी सगळी तिच्या कामात अडकलेली. आईनं तिला शाळेत जाता जाता 'आपला नंबर कुठवर आला ते बगून ये' म्हणून हापशाकडून धाडलं होतं. तिथं तिला दगडाखाली गोल दिसला. बाईंनी आणायला सांगितलेला, आणि स्वतःच्या घरचा.

हे मी आज सांगते तेव्हा लोक हसतात. मुलगा म्हणतो, "आई, किती साधी गोष्ट, एवढ्यानं काय होतं?" त्याचं काही चुकत नाही. पुढं मी नोकरी पुरी करेपर्यंत शिकवलं, बदली होऊन नांदेडला आले, दोन पिढ्यांना बाराखडी दिली. पण दरवर्षी गोलाचा पाठ आला की माझं डोकं दुखायचं. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना म्हणायचे, "तेवढा तास तुम्ही घ्या, मी तुमचं मराठी घेते." त्यांना वाटायचं माझं गणित कच्चं आहे. वाटू दिलं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला बौद्धवाड्याकडून आवाज यायला लागला. पाण्यावरचं भांडण नेहमीचं, पण हा आवाज थांबेना. मोठे गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्या दारातच दिसतंय." मी चुंबळ हातात तशीच घेऊन निघाले. कुशी माझ्यामागं.

हापशाजवळ केवळाबाई उभी होती आणि तिनं पंचशीलेचा दंड धरला होता. पंचशीला म्हणजे गयाबाईची मुलगी. गयाबाई दिवस उजाडताच पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, म्हणून त्यांच्या चुंबळीपाशी ही पोर बसायची आणि नंबर आला की दांड्याला लोंबकळून घागर भरायची. केवळाबाई ओरडत होती, "हितं हीच बसून असती दिसभर. हिच्याबिगर कोण उचलंल? माजी हिरवी चुंबळ चौथी होती, सकाळी मी डोळ्यानं बगितली." वस्तीतल्या बाया म्हणत होत्या, "लेकराचा हात सोड आदी." गावातल्या म्हणत होत्या, "मंग सांगा की, चुंबळ काय पाय फुटून गेली?" पंचशीला रडत नव्हती. ती फक्त सांगत होती, "म्या न्हाई. म्या न्हाई."

मी चुंबळ पुढं केली. केवळाबाईनं आधी चुंबळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्यामागं लपलेल्या कुशीकडं. पंचशीलेचा दंड सुटला. कुशीच्या पाठीत दणका बसला. मी मधे पडले, म्हटलं, "तिला मारू नका. मी सांगितलं होतं आणायला. चूक माझी आहे."

पण ओळ मिटली होती. चौथीच्या जागी पाचवी आली होती, पाचवीच्या जागी सहावी, आणि मागं पंचवीस-तीस चुंबळी. केवळाबाईला आता शेवटी लागायचं, म्हणजे उद्या दुपार. आणि घरात तिची थोरली लेक बाळंत होऊन आठ दिवस झालेले. सोळा वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण. पाणी नाही म्हणजे तिची अंघोळ नाही, लेकराची नाही, धुणं नाही. मी म्हटलं, "माझा नंबर घ्या. माझी चुंबळ पुढं आहे, तिसरी." मला वाटलं, सुटला प्रश्न.

वस्तीतली एक म्हातारी पुढं आली. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचा नंबर वस्तीचा हाय. तुमाला आज पाणी लागत नसंल तर आमच्यातलं कुणी भरंल. गावाच्या वळीला देता येत न्हाई. आज तुमी देताल, उद्या दुसरं कुणी मागंल, परवा आमची वळच राहणार न्हाई. अन् आत्ता आमच्या लेकराचा दंड कुनी धरला व्हता?" गावातल्या बायांनाही ते मान्य होतं. दोन्हीकडच्या बायांचं एकमत झालेलं मी तिथं त्या एकदाच पाहिलं.

मी केवळाबाईची माफी मागितली. शाळेत जाऊन मोठ्या गुरुजींची मागितली. पंचशीलेच्या दंडावर पाच बोटांचे वळ होते, ते मी पाहिले होते. तिची मागायची राहिली.

दुपारी माझा नंबर आला तेव्हा घागर भरली, पदर खोचला आणि ती कमरेवर घेऊन गावात गेले. नंबर देता येत नव्हता, भरलेलं पाणी माझं होतं. केवळाबाईच्या दारात बाळंतशेपाचा आणि धुरीचा वास होता, आत लेकरू रडत होतं. ती बाहेर आली. माझ्याकडं न बघता घागरीकडं बघत राहिली. मी म्हटलं, "माझ्यामुळं तुमचं पाणी गेलं. एवढं घ्या." ती बराच वेळ उभी होती. बाळ रडायचं थांबलं असतं तर बहुतेक ती 'नको' म्हणाली असती. बाळ थांबलं नाही. तिनं आतून हंडा आणून पायरीखाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "वरून वता, बाई." भांड्याला भांडं लागू नये म्हणून.

माझी आई भोकरला तरुणपणी लोकांच्या दारापुढं ओंजळ धरून खाली बसायची आणि वरून पाणी पडायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तिनं ती ओंजळ पुन्हा कुणापुढं धरली नाही. तहान लागली तर तशीच घरी यायची. आता घागर वर माझ्या हातात होती आणि भांडं खाली होतं, तरी विटाळ माझाच. मला राग यायला पाहिजे होता. का आला नाही, हा विचार करत मी पुढं कित्येक दुपारी घालवल्या. त्या वेळी माझं सगळं लक्ष धारेवर होतं, थेंब बाहेर जाऊ नये म्हणून. केवळाबाईचंही तिकडंच होतं.

घागर रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "पोरगी उद्यापासून शाळंत येणार न्हाई. चुंबळीपाशी बसंल. आता भरवसा न्हाई राहिला."

मी म्हटलं, "वर्गात सगळ्यात हुशार आहे ती."

"असंल की. हुशार हाय म्हणूनच चुंबळ उचलून न्हेली." मग जरा नरमून, "या साली राहू द्या बाई. पाणी झालं की येईल."

आत खाटेवर पडलेल्या थोरलीलाही असंच 'या साली राहू दे' म्हणून दुसरीतून काढलेलं होतं, हे मला गुरुजींनी सांगितलं. तिचं ते साल अजून संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायला निघाले तर कुशी गावाच्या ओळीशी बसलेली. हिरव्या चुंबळीवर दगड, दगडावर तिचा हात. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी वर्गात शिकवत होते आणि माझं ध्यान तिथं नव्हतं. मोठे गुरुजी म्हणाले, "पट टिकवा बाई. नव्या जिल्ह्याचे साहेब कधी येतील नेम नाही." पटाचं मला काही नव्हतं. माझ्या एका वाक्यानं एक पोर शाळेतून उठलं होतं आणि ते मला बसवायचं होतं, बस. जेवण जाईना. खोलीत बसवेना, कारण दारात आलं की ती समोर दिसायची.

आणि मग मला युक्ती सुचली. चार दिवसांनी शाळेला निघताना मी पंचशीलेपाशी थांबले. ती वस्तीच्या ओळीशी, लिंबाच्या सावलीत बसली होती. म्हटलं, "पंचे, तू तर इथं असतेसच. कुशीच्या घरची हिरवी चुंबळ तेवढी बघशील का? पुढं सरकवत जा, नंबर आला की हाक मार. म्हणजे कुशी शाळेत येईल."

तिनं मान हलवली. "हाव. बगते की."

गयाबाईला संध्याकाळी विचारलं. ती खडीच्या धुळीनं पांढरी झालेली, पायरीवर बसून तळहातावरचे फोड बघत होती. मग म्हणाली, "तुमी म्हणता तं बगंल." केवळाबाईकडं गेले. ती म्हणाली, "जिच्यावर म्या आळ घेतला, ती बगंल व्हय?" मी म्हटलं, "बघते म्हणाली." केवळाबाई खाली बघून म्हणाली, "मंग काय बोलावं."

कुशी शाळेत आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी अण्णांना पत्र लिहिलं, चार पानी. त्यात गाव आणि वस्ती असं बरंच काही लिहिलं. एक वस्तीतली पोर गावातल्या घराची चुंबळ राखते, हे केवढं मोठं, वगैरे. अण्णांनी उत्तरात शाबास म्हटलं. ते पत्र मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं होतं, नंतर एका बदलीत फाडून टाकलं.

सुट्टी लागायला आठवडा राहिला होता. अकराला शाळा सुटली, मी डोक्यावर पदर घेऊन खोलीकडं आले. ऊन असं की जमिनीकडं बघवेना. हापसा दम खात होता, बाया घरी गेलेल्या, ओळीशी पंचशीला एकटी. लिंबाची सावली झाडाच्या बुंध्याशी गेली होती आणि ही उन्हात होती, कारण हिरवी चुंबळ सावलीपासून लांब, गावाच्या ओळीत होती. ती दोन्ही ओळींच्या मधे बसली होती, दोन्हीकडं हात पोचेल अशी. तिच्याभोवती धुळीत गोल काढलेले होते. चांगले, बंद गोल. एकाचंही टोक सुटलं नव्हतं.

मी विचारलं, "कुणी शिकवलं?"

"कुशीनं. बोट एका जागी ठिवायचं अन् आपुन फिरायचं."

मी तिथंच खाली बसले. गोल बघत राहिले. ती आठ वर्षांची तरी असेल. उन्हाळा सुरू झाल्यापासून ती माझ्या दारासमोर बसत होती. रोज सकाळी मी तिच्याजवळून शाळेत जात होते आणि रोज अकराला परत येत होते. ती "बाई, चालल्या का?" म्हणायची, मी "हो" म्हणायचे. मी म्हटलं, "पंचे, तू कधी शाळेत का आली नाहीस?"

ती मला दोष देत नव्हती. विचारलेल्याचं उत्तर तेवढं दिलं.

"तुमी कवा म्हणल्याच न्हाई, ये म्हणून."

"आता म्हणते. उद्यापासून ये."

तिनं आधी वस्तीच्या ओळीकडं पाहिलं, मग गावाच्या, आणि हिरव्या चुंबळीवरचा सरकलेला दगड नीट बसवला.

"आता कसं येऊ बाई? आता मला दोन चुंबळी बगाव्या लागतेत."